शिडातला झोळ

३ जानेवारी
होडीचं शीड उघडलं आणि लाज वाटली. ह्यांनी घरच्या मशीनवर शिवलेलं — दिवाळीआधी, म्हणजे लकव्यानं वाचा आणि उजवा हात जायच्या आधी. जमिनीवर अंथरलं तर मधोमध झोळ! सचिन गावच्या कापड कारखान्यात मी एकतीस वर्षं कापड तपासलं. झोळ दिसला की लाल खडूची फुली. नवऱ्याला वेगळा नियम नाही.

बाराला वर्षा येतेय, आम्हाला बडोद्याला न्यायला. "तुम्ही दोघं एकटे राहायचं नाही. विषय संपला." ही माझी मुलगी. होडी घाटावरच्या मगनला द्यायची. त्याआधी एकदा ह्यांना तिच्यात बसवून शीड चढवायचं. एवढंच मागणं आहे माझं.

५ जानेवारी
सगळे पट्टे उसवले, कडा सरळ कापल्या, पुन्हा शिवलं. शाळेत सिस्टर अॅग्नेस वाकड्या शिवणीला बोटांवर पट्टी मारायच्या. आज पाठ थोपटली असती. हे पलंगावरून बघत होते. डाव्या हाताचा द्रोण करून माझ्यापुढे धरला. पाणी दिलं. ढकललं. चादर बदलावी लागली.

६ जानेवारी
पुन्हा द्रोण. गोळी? नको. प्रसाद? नको. मग हवंय काय?

८ जानेवारी
नदीवरच्या कॉजवेच्या वरच्या अंगाला, होडीवर. मगन होडीवाला मदतीला. डोलकाठीला चार दोऱ्या, चारही पांढऱ्या. ही कुठल्या कोपऱ्याला, ती कुठल्या — कोणाला ठाऊक. मी शीड उलटंच बांधलं. "बेन, आ माथुं नथी, पग छे." डोकं नाही, पाय आहेत म्हणे. हसला नाही, हे त्याचं नशीब.

सुलटं करून चढवलं. इस्त्री केल्यासारखं सपाट. वारा होता, होडी नुसती कलली. पुढे जाईना. मगननं ह्यांचं नाव घेऊन विचारलं, "आ तो पडदो थई गयो, बेन. योगराजभाईनं असं शिवलं?"

"मी नीट केलं."

"मग पवन राहील कुठे?" असं म्हणून त्यानं हात पुढे केला. हाताचा द्रोण.

मी शीड खाली उतरवलं.

९ जानेवारी
कापलेल्या कडा चिंध्यांत सापडल्या. प्रत्येक पट्टीला एकीकडे हलकी कमान. शेजारी पेन्सिलीच्या बारीक खुणा, ह्यांच्या. झोळ मोजूनमापून ठेवलेला. कसं कळायचं मला? बोलता येत असताना तरी कधी सांगितलं? की मी विचारलंच नाही?

१० जानेवारी
त्या चिंध्या वर ठेवून कापलं. शीड लहान होणार, होऊ दे. माझा हात सरळच जातो. ह्यांनी डाव्या हातानं कापड ओढून धरलं, मी मशीन चालवलं.

११ जानेवारी
झालं. दिसायला भयंकर आहे.

१२ जानेवारी
वर्षानं आणि मगननं ह्यांना उचलून होडीत बसवलं. मी दोऱ्या बांधल्या. दुसरी चुकली, मगननं सोडवली. शीड चढलं, झोळ भरला, होडी निघाली. ह्यांचा हात पुढे आला. मी द्रोण शोधला. हात सपाट होता — दोरी मागत होते. दिली.

काठावरून वर्षा हाका मारत होती, उशीर होतोय म्हणून. ह्यांनी दोरी सोडली नाही. मीही सोडा म्हटलं नाही.

१३ जानेवारी
वर्षा एकटीच गेली. होडी देत नाही, हे मगनला कसं सांगावं सुचेना. सकाळी घाटावर गेले, तर तो दोऱ्या रंगवत बसलेला. माथ्याची लाल — मला ओळखू यावी म्हणून.