पिन न मागणारं कार्ड

१० जाने., शनि.

हळदीकुंकवाच्या वाणाला स्टीलच्या वाट्या आणायला खोपोलीत गेलो, मी आणि हे. वाट्या पसंत पडल्या, घासाघीस झाली. मग आमचं नेहमीचं. ह्यांनी पाकिटातून कार्ड काढून दुकानदाराला दिलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पिन मी दाबायचा, ह्यांनी बघायचा नाही. सात वर्षं हेच चाललंय. लोक बघतात, बघू देत.

मी बोट पुढे केलं, तर दुकानदारानं कार्ड मशीनला नुसतं टेकवलं. टुंग. कागद बाहेर.

"झालं वहिनी."

"झालं म्हणजे? पिन?"

"पिन नाय लागत आता. वायफायचं कार्ड हाय तुमचं."

माझं बोट तसंच वर. हे वळले. कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कार्ड पाकिटात घातलं. अगं बाई गं. घरी येऊन भाकऱ्या केल्या तरी तो टुंग कानातून जात नाही.

११ जाने., रवि.

जुईला विचारलं. कॉलेजला कर्जतला जाते, तिला सगळं माहीत.

"आई, पाच हजारापर्यंत पिन लागतच नाय. सगळीकडं असंच हाय आता."

"सगळीकडं म्हंजे? बारमध्ये पण?"

"बारमध्ये तर आधी!" आणि हसली. मग माझं तोंड बघून हसू आवरलं.

पाच हजार! कुणाच्या डोक्यातून निघालं हे? त्याच्या घरात कुणी पिणारं नसेल.

सात वर्षांपूर्वी ९ जूनला ह्यांनी बाटली मोरीत ओतली तेव्हा स्वतःच म्हणाले होते, "पगाराचं कार्ड माझ्या पाकिटात राहू दे, चार माणसांत बरं दिसतं. पिन तू बदल, मला सांगू नको." साजगावच्या कंपनीत आत कॅमेऱ्याचा मोबाइल चालत नाही, म्हणून ह्यांच्याकडे बटणांचा डबा, स्कॅन-बिन काही नाही. बँकेचे मेसेज माझ्या फोनवर. हातखर्चाला देते ते चहा-बसपुरतं. सगळा संसार त्या चार आकड्यांवर उभा केला मी. आणि आता ते आकडे कुणी विचारतच नाही.

नवीन कार्ड दिवाळीत आलं. त्यावर बारीक रेघा आहेत एका कोपऱ्यात. मला मेलीला वाटलं नक्षी.

१३ जाने., मंगळ.

ब्लाउजांचं काम टाकून बँकेत गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, मावशी, हे आपोआप चालू होत नाही. एटीएमला विचारलं असेल, तुम्हीच ‘येस’ दाबलं.

दाबलं असणार. मागे रांग असली की मी सगळ्यालाच येस दाबते. घराला कुलूप लावलं आणि चावी बाहेर टांगून आले. वर खातं ह्यांचं, त्यामुळे बँकवाले माझं ऐकेनात. शेवटी जुईनं माझ्या फोनवरच्या अ‍ॅपमधून ते टेकवायचं बंद केलं.

"पप्पांना सांग पण."

"तू गप्प बस."

सांगणार होते. जेवताना बरे मूडमध्ये होते, मग राहिलं.

१४ जाने., बुध. संक्रांत

तिळगूळ दिला, घेतला. गोड बोललो दोघंही. कार्डाचा विषय ह्यांनी काढला नाही, मी कशाला काढू?

१६ जाने., शुक्र.

सं. साडेसातला मेसेज आला. इंग्रजीत. डिक्लाइन्ड एवढं कळलं. आणि खाली बारचं नाव. खालापूर नाक्याजवळचा, तोच जुना. पाठोपाठ दुसरा मेसेज, तसाच.

खाली बसले. जुई पाणी घेऊन आली. सात वर्षं, देवा. सात वर्षं मी ह्या माणसाच्या मागे

हे आत्ता आले. उरलेलं उद्या.

१७ जाने., शनि.

ह्यांच्या खात्यातले ठोंबरेदादा रिटायर झाले, त्यांची पार्टी होती. मला सांगितलं होतं, पण मी समजले कँटीनमध्ये. हे म्हणतात सोडा प्यायलो, कांदाभजी खाल्ली. बिल आलं तेव्हा म्हणाले, आज मी देतो. सात वर्षांत कुणाला चहा पाजला नाही, कायम दुसऱ्याच्या पैशावर बसायचं, एकदा तरी म्हणून. कार्ड टेकवलं. मशीन नाही म्हणालं. परत टेकवलं. परत नाही.

"सगळं टेबल हसलं गं. एक जण बोलला, वहिनीला फोन लाव, परवानगी घे."

मी ताट वाढायला घेतलं.

"तू बंद केलंस?"

"हो."

"कवा?"

"मंगळवारी."

"मंजे तीनच दिवसांत. बरं." एवढंच. कार्ड फ्रिजवर ठेवलं आणि झोपायला गेले. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

मी तोंडाचा वास घेतला होता काल, दार उघडल्या उघडल्या. त्यांना कळलं. कांद्याचाच होता. पण बडीशेपेचा पण होता. बडीशेप कशाला खाल्ली?

१८ जाने., रवि.

कार्ड फ्रिजवरच. हात लावत नाहीत. चहाला पैसे मागितले नाहीत, मी दिले तर "हायेत" म्हणाले. जुई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघते. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे मी शिकले ते ह्यांच्याचमुळे. मग आता मलाच अपराध्यासारखं का वाटावं? संताप येतो नुसता.

१९ जाने., सोम.

मी बारमध्ये गेले.

लिहिताना पण खरं वाटत नाही. घरात सांगितलं, अस्तर आणायला जाते. अकराची वेळ, खुर्च्या टेबलांवर उलट्या, फिनेलचा वास. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत होते. बाई बघून उभेच राहिले.

म्हटलं, शुक्रवारी कंपनीवाल्यांची पार्टी होती, ज्यांचं कार्ड चाललं नाही त्यांची मी बायको. त्यांनी काय घेतलं होतं?

"ताई, ते मी नाय सांगणार. कुणाच्याच घरच्यांना नाय सांगत. आज तुमाला सांगितलं तर उद्या माझ्या दारात कोण बसंल?"

"मग मी आले कशाला?"

"आलात तर एक ऐका. ज्याला लपवायचं असतं ना, तो हितं कार्ड काढत नाय. नोटा काढतो. मशीन ठेवून वरीस झालं, तरी निम्मं गिऱ्हाईक रोखीचं, कारण टेकवलं की घरी मेसेज जातो. तुमच्या मिस्टरांनी सोताहून काढलं. दोस्त रोख द्यायला निघाले तर थांबवलं आणि परत टेकवलं."

मी तिथंच उभी, तोंडात मारल्यासारखी. मेसेज कुणाच्या फोनवर येतात ते ह्यांना पक्कं माहीत आहे. चोरून प्यायची असती तर ठोंबरेदादांनी पाजली असती की! माझ्या टाळक्यात हे का आलं नाही? जुन्या बारचं नाव वाचलं आणि सगळं डोकं तिथंच अडकलं.

म्हाताऱ्यांनी थंड पाण्याची बाटली पुढे केली. पैसे देऊ लागले तर नको म्हणाले. परत येताना अस्तर आणायला विसरले.

२० जाने., मंगळ.

जुईकडून कार्ड परत चालू करून घेतलं. ह्यांना सांगितलं. पेपर वाचत होते.

"कशाला? राहू दे की बंद."

"चालू केलंय म्हणते ना!"

"वरडतेस कशाला गं?"

कार्ड फ्रिजवरच. जळो ते कार्ड.

२५ जाने., रवि. रथसप्तमी

हळदीकुंकू संध्याकाळी होतं आणि सकाळीच मिक्सर जळला. बायका यायच्या, वाटण व्हायचंय, वाट्या पण पाच कमी पडत होत्या. ह्यांना म्हटलं चला. फ्रिजवरचं कार्ड उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. घेतलं, पण खिशात टाकलं नाही. रिक्षात हातातच धरून बसले होते.

त्याच दुकानात गेलो. मिक्सर घेतला, वाट्या घेतल्या. बिल करायला घेतलं तेव्हा मी ठरवलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. ह्यांच्या जागी. समोर वडापावची गाडी, एक बाई पोराचं नाक पुसत होती. ह्यांना सात वर्षं हेच दिसत आलंय की काय, असं वाटलं.

टुंग झालं नाही.

"पिन मागतंय गं," हे मागून म्हणाले.

बिल पाच हजाराच्या वर गेलेलं. दुकानदार वाट बघतोय, मागे दोन गिऱ्हाइकं. वळून दाबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण मी वळले नाही. सांगून टाकला. मोठ्यानं.

"शून्य नऊ, शून्य सहा!"

मग दाबल्याचे आवाज आले, सावकाश, एकेक. टुंग.

वळले तर हे मशीनकडेच बघत उभे. दुकानदार मिक्सरचा खोका देतोय, ह्यांचं लक्ष नाही.

"नऊ जून," म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं जुईचा वाढदिवस टाकला असशील."

मी खोका घेतला. डोळे भरून आले माझे, भर दुकानात. दुकानदार आमच्याकडे बघत होता. त्यानं आकडे ऐकले, मागच्या दोघांनीही ऐकले. म्हणजे पिन बदलायला हवा. मूर्खपणा केला तो केलाच.

बायका आल्या, वाटणाची उसळ सगळ्यांना आवडली. आत्ता सगळ्या गेल्यावर हे वाट्यांचे रिकामे खोके माळ्यावर ठेवत होते. वरूनच म्हणाले, "उद्या मला सुट्टी हाय, एटीएमला जाऊन ये म्हंजे झालं. मी पण येतो."

"या."

थोड्या वेळानं खाली उतरले, हात झटकले.

"नवीन पिन टाकशील तवा मी पाठ फिरवू का नको?"

भांडी घासतेय असं दाखवलं. अजून सांगितलेलं नाही.