अर्धा हत्ती

बंगळूरु
रविवार, ९ फेब्रुवारी

मामा, आपल्या डावात लांडग्यानं गाडलेला पत्ता परत येतो. येतो म्हंजे येतो. तुमी फोन कट केला म्हणून काय नियम बदलत न्हाई. किती रविवार झाले, रिंग वाजून वाजून बंद होती आन तुमी उचलत न्हाईत. म्हणून म्हणलं कागदावर लिहावं. कागद कट करता येत न्हाई. फाडला तर मामी बोलंल तुमाला, पोरानं एवढं बसून लिहिलं आन फाडलं कावून म्हणून.

आता आधी दंडवत घ्या. मामीला बी सांगा. मी बरा हाय. काम त्याच पार्सलच्या गोदामात. जेसीबी सोडला, हॉटेल सोडलं, केबलचे खड्डे सोडले, हे मात्र दसऱ्याच्या आधीपासून धरून बसलोय. तुमी म्हणताल, भिंगरी कशी काय थांबली? थांबली खरं. ते पुढं लिहितो.

पाकिटात नियमाचं नवं पान घातलंय, मराठीतलं. तुमच्या मंजूकडून मोठ्यानं वाचून घ्या, अक्षर बारीक हाय. 'गाडा' हा शब्दच कंपनीनं काढून टाकला. आता 'बाजूला ठेवा' म्हणायचं, आन बाजूला ठेवलेला पत्ता चारा खर्चून परत डावात आणता येतो. 'चारा' बी गेला. त्याला आता 'ऊर्जा' म्हणायचं. हे सांगितलं तवा तुमी काय म्हणला आठवतंय का? "ऊर्जा परळीच्या थर्मलला लागती बे. जनावराला चाराच लागतो." हे मी हितल्या दुकानात सांगितलं तर समदे हसले. एकजणी तर एवढी हसली की हातातला चहा पत्त्यावर सांडला.

दुकान म्हंजे गोदामाच्या मागच्या गल्लीत, खेळण्याचं. वर माळ्यावर रविवारी आपलाच खेळ चालतो. मला वाटायचं हे पोरासोरांचं आन आपल्या दोघांचं खूळ हाय. हितं मोठाली माणसं खेळतात मामा. एक दातांचे डॉक्टर येतात, हरले की रुसून जिन्यात जाऊन बसतात, अगदी तुमच्यासारखे. पत्ते इंग्रजीत, पण चित्रं तीच. तोच लांडगा, तोच हत्ती, ती मान वाकडी केलेली घोरपड.

पयल्या दिवशी मी बी तुमच्यासारखाच भांडलो. लांडगा टाकला, म्हणलं गाडला तुमचा वाघ. समोरच्यानं गुमान वाघ उचलला आन परत मांडला. मी म्हणलं, गाडलेला उठतो का कुठं? तो कानडीत बोलला, मी मराठीत, दोघांना बी काय कळंना. तवा बाजूच्या टेबलावरून एक आवाज आला, "ओ, ते जुनं झालं. आता उठतो." मराठीत. बिदरकडची हाय ती, तिचं आजोळ मराठी. वाक्याच्या शेवटाला थोडा कानडी हेल देती. गोदामात आमच्याच पाळीला असती, पार्सलवर मशीन फिरवायला. इतके दिवस शेजारी उभी होती आन मला वाटायचं हिला मराठी येत न्हाई.

तिनं समजावलं ते मी तुमाला फोनवर सांगणार होतो, तेवढ्यात तुमी कट केला. जुना पत्ता फेकायचा न्हाई. त्याच्यावर जुना शब्द असला तरी पत्ता चालतो. फकस्त वाचताना नवा वाचायचा. एवढंच हाय.

तुमी म्हणताल, छापलंय ते छापलंय. बरं. मग आपल्या हत्तीचं काय?

आई-दादा ऊसतोडीला गेले की मी तुमच्याकडं असायचो, शाळेत कमी आन मेंढरामागं जास्त. धरणाच्या कडंला घोंगडी टाकायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून एकेका पत्त्यावर खडा ठेवायचा. बीडच्या बाजारातनं पत्त्यांच्या पाच रुपयाच्या पुड्या तुमीच आणायचे आन मामीला सांगायचे पोराचा हट्ट हाय. तुमच्या बांड्या शेळीनं हत्ती खाल्ला तो दिवस आठवा. सोंड आन दोन पाय राहिले, खालची लिखावट समदी पोटात गेली. मी रडाय लागलो. तुमी म्हणला, "रडू नको बे. अर्धा हत्ती बी हत्तीच असतो. काय लिहिलं होतं ते आपल्या दोघांना ठाऊक हाय ना?" तवापासून तो पत्ता चालतो. त्याच्यावर छापलेलं कुठं काय राहिलंय मामा? आपण मनानंच वाचतो की.

आता खरं लिहितो.

भांडण लांडग्याचं न्हवतंच. त्या रविवारी व्हिडिओ फोनवर आपला डाव रंगात आलता आन मामी तुमच्या मागून म्हणली, "त्याचे आई-दादा कारखान्यावरून आले की औंदा मंजूचं लगीन उरकून टाकू. जावईबापूला सुट्टी काढाय सांगा." तुमी हसून माझ्याकडं बघितलं. आन मी घाईनं लांडग्याचा विषय काढला. तुमाला ते कळलं. तुमी इतकी वर्षं माझ्या हातातला पत्ता तोंडावरून वळखता, हे वळखलं नसंल का? म्हणूनच फोन कट केला, नियमासाठी न्हाई.

मंजूला समदं ठाऊक हाय. तिला बोलू नका. दिवाळीला आलतो तवा ती धरणाच्या रस्त्यावर पळत आलती, घामानं थबथबलेली, आन बांधावर बसून म्हणली, "मला पोलीस भरतीचं ग्राउंड मारायचंय. तूच न्हाई म्हण." मी म्हणलं, तू का म्हणत न्हाईस? म्हणली, "तू बंगळूरला पळून जाशील. मला रोज ह्याच घरात जेवायचंय." मग म्हणली, "तुला दादा म्हणू का रे आता?" मला लई हसू आलं. तिला बी आलं. इतकं मोकळं आमी दोघं लहानपणापासून कधी हसलो नव्हतो, कारण कुणीतरी बघून डोळा मारायचं.

बिदरकडचीचं नाव योगिता. आपल्यातली न्हाई, हे आधीच सांगतो, मागून दुसऱ्याकडून कळाय नको. तिच्या घरी तिनं सांगितलंय. तिची आई पंधरा दिवस बोलली न्हाई, आता "जेवला का तो" एवढं विचारती. आई-दादांना मी सुट्टीत येऊन समोर बसून सांगणार हाय. पण पयले तुमाला. कारण मला मिशी न्हवती तवापासून जावईबापू म्हणून हाक तुमी मारली, आन त्या हाकंवर मी तुमच्या ताटात जेवलो.

ती हाक आता जुनी झाली मामा. पण पत्ता तोच हाय. मी कुठं गेलो न्हाई.

पाकिटात नीट बघा, एक सबंध हत्ती हाय, आपल्याच जुन्या छपाईचा, मराठीतला. तो मी न्हाई मिळवला. अर्ध्या हत्तीचं ऐकून योगितानं दातांच्या डॉक्टरांना आपले चमकते पत्ते दिले आन त्यांच्या जुन्या डब्यातनं हा काढून घेतला. त्यांना बी कळंना ही मराठी हत्तीला एवढं का भुलली. तुमी खेळायला घ्या नायतर न घ्या. पण अर्धा फेकू नका, तो माझा हाय.

आपल्या दोघांच्या डावात चारा चाराच राहू द्या. ते मी मान्य करतो, थर्मलला काय लागंल ते लागो. गाडलेला पत्ता मात्र परत येऊ द्या. पुढच्या रविवारी मेंढरं पाण्यावर घातली की फोन जवळ ठेवा, मी लावतो. मामी मागून काय विचारंल त्याचं बी उत्तर देतो, लांडग्याचा विषय काढणार न्हाई.

आन मंजूची अकॅडमीची फी तुमी लग्नाकडं बघून थांबवलीय म्हणं. आता थांबवू नका. पैसे मी तिच्या फोनवर आजच टाकतोय. उसनं न्हाई आन उपकार बी न्हाई, बहिणीला भाऊ देतो तसं.

तुमचा भाचा, आन आता भाचाच,
अजिनाथ

ता.क. मंजूची फी टाकली, सात हजार रुपये.