मागे न फिरणारा ठिपका

१६ ऑक्टो. ९३, घटस्थापना
मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासवर अंधेरीच्या कंपनीचा फोन. कोड्याचा खेळ हवाय, एका फ्लॉपीत मावेल एवढाच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचा. आवडला तर नोकरी. घरी सांगितलं. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुझं. मग मी बदलापूरला होकार कळवणार." बदलापूरच्या त्या मुलाला नोकरी करणारी बायको नको. मला तो नको. आई वाती वळत राहिली.

१८ ऑक्टो.
सापडला! काळा पडदा, पांढरे चौकोन, एक ठिपका. ठिपका पुढे सरकला की मागचा चौकोन नाहीसा. सगळे पुसून बाहेर पडायचं. चित्रं नाहीत, आवाज नाही. कोन गावाहून क्लासला येणाऱ्या रंजनाला खेळायला बसवलं.
"मॅडम, मागं जाता येत नाय?"
"नाही."
"मंग एकदा चुकली का मेली!"
खो खो हसली बया. मला काही हसू आलं नाही.

२० ऑक्टो.
हार्ड डिस्क कटकट वाजतेय. क्लासात हार्ड डिस्कवालं मशीन हे एकच, बाकीची नुसती फ्लॉपीवर चालतात. खेळ याच्यातच आहे. रिपेअरवाला कान लावून बसला. "चालू आहे तोवर चालेल. बंद केलंत तर परत फिरेल की नाही, सांगता येत नाही." तेव्हापासून बंद केलेलं नाही. दिवे जरा लुकलुकले तरी मशीनकडे धावते. क्लास चालवणारे सर म्हणतात मी उगाच घाबरते.

२२ ऑक्टो.
झाला एकदाचा. शेवटचा डाव मलाच तीनदा अडकवून गेला, म्हणजे बरा जमलाय. कॉपी करायला फ्लॉप्या काढल्या, तर बहुतेकींवर बुरशी. पनवेलची हवा, दुसरं काय. दुकानातल्या संपल्यात. एकच धड निघाली, तिच्यावर घेतला. घरी आणून आईकडे दिली. आईला बजावलं, "जप हं, माझं सगळं यात आहे." तिने ती दोन्ही हातांनी घेऊन कपाटात साड्यांखाली ठेवली.

२३ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळीच सरांनी मशीनं पुसून ओळीने मांडली. झेंडू, आंब्याची पानं, उदबत्ती. मग वाकून माझ्या मशीनचं बटण बंद केलं. मी "सर, नको" म्हणेपर्यंत कटकट थांबली होती. "अगं, आज हत्यारांना विश्रांती. उद्या पूजा हलवली की लाव." पूजेतलं हत्यार उचलायचं नाही म्हणून कुणी हात लावू देईना. खूप चिडले. मग वाटलं, घरी फ्लॉपी आहे ना.

२४ ऑक्टो., दसरा
मशीन लागलं नाही. डिस्क एकदा कण्हली, बस्स.
धावत घरी. कपाटात फ्लॉपी नाही. देवापुढे, बाबांची अवजारांची पेटी आणि माझ्या कॉलेजच्या पुस्तकांच्या मध्ये. पाकिटातून काढलेली. मशीन जिथून वाचतं त्या तिच्या उघड्या खिडकीत हळद, कुंकू, दोन ओल्या अक्षता.
"काल मांडली. तुझं हत्यार ते," आई म्हणाली. "पाकिटावर कशी पूजा करायची? तुला नोकरी लागू दे म्हणून हात जोडले गं मी." म्हणजे ती माझ्या बाजूने होती. इतके दिवस मला कळलंच नाही.
कापसाने पुसली. कुंकू आत आत गेलं.

आता क्लासात. सरांनी किल्ली दिली, आई सोबत आली. दुसऱ्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. खरखर. पडद्यावर ओळ: वाचता येत नाही, पुन्हा बघू का? रिट्रायचा आर दाबला. खरखर. तीच ओळ. बाबा पाचला बदलापूरला फोन करणार आहेत, खेळ चालला तरच थांबतील.
आई स्टुलावर बसलीय, मांडीवर सोन्याची पानं. "माझ्यामुळे काही झालं का गं?"
"नाही," म्हटलं.
पुन्हा आर दाबला. या वेळी खरखर थांबत नाहीये, ओळही येत नाहीये, पुढचं वाचतंय की काय