अश्विनीकुमारांचा पक्षपात

१० नोव्हेंबर
नागपूर. तीन महिन्यांच्या उपचारानंतरच्या स्कॅनचे निकाल. अस्मादिक : मूत्राशयाबाहेर पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी ‘किंचित लहान, अन्यथा स्थिर’. तिगावचे संत्राबागाइतदार बापूराव : गाठी दिसत नाहीत. दिसतच नाहीत! रोग एक, टप्पा एक, डॉक्टरबाई एक, आरंभाचा दिवस एक. पांढुर्ण्याहून भाड्याची गाडीसुद्धा एकच.
परतताना बापूराव : “मास्तर, तोंड काहून पाडून राहिले? तुमचं बी होते.”
मी ‘अभिनंदन’ म्हणालो. हा पंचाक्षरी मंत्र एकेक अक्षर सुटे करून उच्चारला.

११ नोव्हें.
मत्सराचे शास्त्रोक्त विवेचन. मी आजन्म निर्व्यसनी. सौंसरच्या शाळेत सत्तावीस वर्षे संस्कृत शिकवताना खडूच्या धुळीखेरीज काही फुंकले नाही. बापूरावांनी चाळीस वर्षे बिडीचे अग्निहोत्र अखंड चालवले. आम्हां दोघांना देतात ती औषधेही दोन, जोडीने. मी त्यांना अश्विनीकुमार म्हणतो. थोरला तीन आठवड्यांतून एकदा येतो व शरीराच्या निद्रिस्त सैन्याला उठवतो. धाकटा त्याच्यासोबत एकदा आणि आठवड्याने पुन्हा येतो, व विष थेट गाठीच्या घरात पोचवतो. प्रत्यक्ष देववैद्यांनी पक्षपात करावा?
कुमुद : “अवो, त्या मानसाचं बरं झालं त तुमच्या पोटात काहून दुखते?”
पोटात वस्तुतःच दुखते, असे मी निवेदन केले. पत्नी हसली नाही.

१७ नोव्हें.
आज एकटा धाकटा. बाईंना विचारले, बापूरावांत आणि माझ्यात भेद कोणता?
“सर, मोठ्या अभ्यासांत माणसं निवडून घेतलेली असतात. माझ्याकडे येतात ती निवडलेली नसतात. कोणाला साखर, कोणाचं मूत्रपिंड कमजोर. तरी बऱ्याच जणांना फायदा होताना दिसतो. कोणाला किती, ते आधी सांगता येत नाही.”
घरी येऊन माझ्या अहवालावरचे नाव तपासले. अदलाबदल झाली असावी, ही शंका. माझेच होते. झोपण्यापूर्वी पुन्हा तपासले.

१ डिसेंबर
बोटांच्या टोकांना मुंग्या, धाकट्याच्या विषाचा प्रताप. सदऱ्याची गुंडी लागेना, कुमुदने लावली. बाईंनी विचारले, मी सत्य कथन केले. परिणाम : धाकट्याची मात्रा कमी. ज्याच्या ताटात अल्प वाढले होते, त्याच्याच ताटातून काढून घेतले.
तोच प्रश्न बापूरावांना. “काई नाई बाई. एकदम मस्त.”
आयुष्यभर पांढरा सदरा घालणारे बापूराव आज टी-शर्टात आले होते. गुंडी नसलेल्या. लक्षात ठेवले.

१३ डिसें.
बा.रा.च्या बागेत निमंत्रण. तोडणी संपली; शेवटचा ढीग. या माणसाचा अंगठा पंचक्रोशीत प्रसिद्ध : फळ नुसते दाबून सांगतो, पोकळ की भरीव. आज फळ हाती घेतले, फिरवले, आणि बायकोकडे दिले. “शांते, तूच पाहा.”
मग अनवाणी बांधावर निघाले. मागून चालताना मला मातीत रक्त दिसले. कुंपणाच्या बाभळीचा काटा टाचेत, बोटभर.
“बापूराव, पाय!”
त्यांनी खाली पाहिले. पाहिल्यावर कळले, तोवर नाही.
काटा उपसून म्हणाले, “मास्तर, बाईले सांगू नका. डोस कमी करन ते. आता कालच बागेचं पानी तोडलं. महिनाभर झाड सुकते, पानं गळतात, मंगच फुलते. ताण देल्याबिगर बहार येत नाई. मधात पानी देलं का गेला बहार. आंगाचं बी तसंच हाय.”
उपपत्ती चुकीची. परंतु स्कॅन त्यांचे स्वच्छ आणि माझे नाही, तेव्हा प्रतिवाद कोणत्या तोंडाने करावा?

१४ डिसें.
सांगितले तर त्यांचीही मात्रा कमी होईल. समता प्रस्थापित होईल.
नाही सांगितले तर पाय सडेल, आणि त्यांना वास येईपर्यंत समजणार नाही.
सत्य सांगण्याची इतकी उत्कट इच्छा मला आजवर झाली नव्हती. म्हणूनच तिचा संशय येतो.

२२ डिसें.
सांगितले. बापूराव ‘एकदम मस्त’ म्हणत असतानाच. “बाई, यांची टाच पाहा.”
जखम चिघळली होती. मलमपट्टी, गोळ्या, धाकटा काही आठवडे बंद, थोरला चालू. बाई त्यांना म्हणाल्या, “कमी करणं, थांबवणं आमच्याकडे रोजचं आहे. थांबून पुढे चांगले राहिलेलेही पाहते मी. लपवू मात्र नका.”
परतताना सावनेरपर्यंत बापूराव पट्टी बांधलेली टाच न्याहाळत होते. मग : “तुमाले सहन नाई झालं, मास्तर.”
विधान खोटे नव्हते.

१२ जानेवारी
बा.रा. वेगळ्या गाडीने आले. वॉर्डात खिडकीजवळची खाट त्यांना. नर्सबाई त्यांच्या बोलण्यावर हसत होत्या. टाच भरून आली आहे म्हणे. माझ्याकडे पाहिलेही नाही. रुसायला पुढचे पुष्कळ दिवस हाताशी असावे लागतात. त्याचाही मत्सर वाटला.
गाडीची संपूर्ण मागची बैठक माझी एकट्याची होती. पाय पसरले नाहीत.

२ फेब्रुवारी
दोघांच्याही नव्या स्कॅनचे निकाल आज. सकाळी दारात गाडी उभी, आत बापूराव. “बसा मास्तर. भाडं काय दोनदोनदा द्याचं?”
पांढुर्णा मागे पडल्यावर पिशवीतून संत्रे काढले, शेजारच्या बागेतल्या मृग बहाराच्या पहिल्या तोडीचे. “सांगा, पोकळ का भरीव?”
दाबले. गोधडीवरून दाबावे तसे. “तुम्ही सांगा.”
त्यांनी बराच वेळ अंगठा ठेवला. “मले बी नाई समजत.”
गाडीवाला म्हणाला, द्या, मी सांगतो. दोघे एकदमच म्हणालो, नको. फळ समोर काचेपाशी ठेवून दिले.
आता प्रतीक्षागृहात हे लिहितो आहे. त्यांचे नाव आधी पुकारले. अर्थातच. ते उठले, खाली वाकून पायांत चपला आहेत याची डोळ्यांनी खात्री केली, दोन पावले गेले आणि वळले.
“चाला ना तुमी बी. एकट्यानं आयकवत नाई मले.”
आधी त्यांचे ऐकायचे, मग माझे. त्यांचे चांगले निघावे असे वाटते का? वाटते. बहुतांशी. वही मिटतो, ते दार धरून उभे आहेत