पॅच, गम आणि एक थाप

४ मार्च

आज खोटं बोललो. तेही पांढरा कोट घालून!

बसचा ड्रायव्हर आला होता. फेरीआधी खोकल्याचं औषध नेतो, तोच. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "डॉक्टर, सिगरेट सोडायचीय. निकोटीनचा पॅच बरा की गम?" मी डॉक्टर नाही, औषधाचं दुकान चालवतो. पण लोक म्हणतात आणि मी कधी दुरुस्त करत नाही. म्हणालो, "पॅच. मी स्वतः त्याच्यावरच सोडली. सहा वर्षं झाली." तो पॅच घेऊन गेला.

सहा वर्षं! मागच्या खोलीत, सलाइनच्या खोक्यांआड थोटूक विझवून सहा मिनिटंही झाली नव्हती.

५ मार्च

निदान थाप खरी तरी करावी. गमपासून सुरुवात. कचाकचा चावला — घसा जळजळला, उचक्या थांबेनात. गिऱ्हाइकांना रोज सांगतो, दोन-चारदा चावा आणि गालात दाबून ठेवा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं लिहवत नाही.

९ मार्च

पॅच लावला. दंडावर, बाहीखाली. गमपेक्षा कितीतरी बरा! तगमग नाही. पण हाताला आणि तोंडाला काम नाही. संध्याकाळी पॅच काढून ओढली. मग तोच परत चिकटवायला गेलो. चिकटेना. पन्नाशीचा माणूस आरशासमोर दंड दाबत उभा!

१७ मार्च

पॅच, आणि तलफ आली की वर गम. दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा चांगलं काम करतात, हे वाचलेलं होतं. खरं आहे — चार दिवस निघाले! गोळ्याही असतात, पण त्यांना चिठ्ठी लागते. म्हणजे खऱ्या डॉक्टरांपुढे बसून कबूल करायचं. नको.

पाचव्या दिवशी ओढली. घरी गेलो तर ही म्हणाली, "शर्ट धुवायला टाक." एवढंच. तोंड फिरवून. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२५ मार्च

ड्रायव्हर आला. उरलेले पॅच काउंटरवर ठेवले.

"अठरा दिवस काढले, डॉक्टर. मग डेपोत कुणीतरी पुढे केली, घेतली. जाऊ द्या. तुमच्यासारखी जिद्द सगळ्यांत नसते. पोरगीही म्हणालीच होती — बाबा, तुम्हाला नाही जमायचं."

अठरा दिवस! माझे चार. सांगायला हवं होतं. मी पॅच मोजत राहिलो. "दुसऱ्या कुणाला द्या," म्हणाला आणि गेला.

२६ मार्च

माझ्या थापेपुढे त्याचे अठरा दिवस त्याला कमी वाटले.

२ एप्रिल

आज डेपोत गेलो. तो बसच्या पायरीवर डबा खात होता. सगळं सांगितलं. खोक्यांआडचंही.

घास हातातच राहिला. "म्हणजे आठवडाभर मी स्वतःला नालायक म्हणतोय — तुमच्यापायी?"

"हो."

"पोरीच्या नजरेला नजर देत नाही मी!" डबा बंद केला. "जा तुम्ही."

गेलो. दोन वाहक आमच्याकडे बघत होते.

३ एप्रिल

हिलाही सांगितलं. "माहीत होतं," म्हणाली. "विचारलं असतं तर आणखी एक थाप मारली असतीस. म्हणून नाही विचारलं."

गोळ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. सोमवारची. फोनवर आवाज चोरासारखा निघाला.

५ एप्रिल

सकाळी टपरीवर गेलोच. सिगरेट ओठांत, काडी पेटलेली. आणि समोर करकचून बस थांबली — तिथे स्टॉप नाही! गच्च भरलेली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"टाका ती! माझाही आज सोडल्याचा पुन्हा पहिलाच दिवस आहे. चढा!"

चढलो.