पॉलिशखालची पाच बोटं

प्रिय अण्णा,

टेम्पोवाला अकराला येतो म्हणाला होता. आता साडेबारा वाजून गेलेत. तीनदा फोन केला, तीनदा म्हणाला, "हिंदमाताला आहे ताई, पोचलोच." फेऱ्या मारून पाय दुखायला लागले, म्हणून तुमच्या कारखान्याच्या फाटकापाशी स्टुलावर बसलेय आणि हे लिहितेय. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज मात्र टेम्पो यायच्या आत सगळं बोलून टाकायला हवं. नंतर मला धीर होणार नाही.

कारखाना सोमवारी पाडणार आहेत. वसंत मेस्त्रींचा फोन आला होता, "नंदा, अण्णाचं काय हवं असेल तर येऊन बघ. मागनं म्हणू नको सांगितलं नाही." तुम्ही दोघं एका बाकावर डबा खायचात, तेच मेस्त्री. आता इथली राखण करतात. मला वाटलं, तुमचा पॉलिशच्या लाखेचा डबा मिळेल, फार तर एखादं स्टूल. आले, हपिसात शिरले, आणि समोर सुमनकाकींचं कपाट!

आत फायली भरल्या होत्या. मी ते आरशाच्या चौकटीवरून ओळखलं. आपल्या खोलीला लागून त्यांची खोली, लहानपणी त्या आरशात बघून मी वेण्या घातल्यात. ते कपाट इथे, तेही इतकी वर्षं?

या कारखान्याची सगळी कथा मला तुमच्याच तोंडून पाठ आहे. आधी गिरण्यांसाठी स्टुलं, बॉबिनच्या पेट्या, हपिसातल्या खुर्च्या. मग शाळांची बाकं. मग गिरणी कामगारांच्या लग्नातली कपाटं. रे रोडच्या वखारीतून सागवान यायचं, इथे कपाट व्हायचं, तुम्ही लाख चढवायचात, आणि लालबागच्या चाळीत नवरीच्या मागोमाग हातगाडीवरून ते जायचं. मग संप झाला. नव्या कपाटांना गिऱ्हाईक राहिलं नाही आणि जुनी कपाटं त्याच हातगाड्यांवरून परत यायला लागली. शेठनी बोर्ड तोच ठेवला, धंदा बदलला. लोकांच्या घरातलं घ्यायचं, घासून नवं करायचं, गिरगाव-दादरच्या दुकानांत पाठवायचं. घासायला तुम्हीच. शेजाऱ्यांच्या संसाराला काचपेपर लावताना कसं वाटत होतं हो तुम्हाला? घरी येऊन कधी चकार शब्द काढला नाहीत.

आख्ख्या मजल्यावर पगार येणारं घर आपलं एकटं. आई मासळी तळायची तर दार लावून घ्यायची.

त्या वर्षीचा दसरा आठवतो? सुमनकाकींचे तुकाकाका दर दसऱ्याला गिरणीत जाऊन आपल्या मागाची, म्हणजे त्यांच्या भाषेत साच्याची, पूजा करायचे. त्या वर्षी गिरणीला टाळं. काकींनी हळदीकुंकू कालवलं, कपाटाच्या दारावर पाच बोटं उमटवली आणि म्हणाल्या, "औंदा साचो नाय पुजूक गावलो, तर ह्येकाच पुजूया." काका हसले होते. मग काकी मुलांना घेऊन गावी गेल्या, चार दाणे आणायला. परत आल्या तेव्हा कपाटाच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता.

काका म्हणाले, कारखान्याची माणसं गळ घालून घेऊन गेली. काकींनी बाहेर येऊन मला विचारलं, कोणी नेलं. मी नळावर होते, तेरा वर्षांची, भोवती सगळ्या बायका. मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी नेलं." खरंच होतं ते. हातगाडीला तुम्हीच हात लावला होता, मी पाहिलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर! पण बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्यातली व्हायचं होतं. मी म्हटलं, "दलाली मिळते त्यांना."

कुठून आणलं मी ते? तुम्ही कधी दलाली घेतली नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. रात्री जेवताना तुमच्या तोंडावरही तोच शब्द टाकला, दलाल. आईने मला मारायला हात उचलला. तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "जेव तू."

बस, एवढंच. तेव्हापासून काकींनी आपल्याशी बोलणं टाकलं. दिवाळीचं ताट बंद झालं. तुम्ही गेलात तेव्हा सगळी चाळ खाली उतरली, काकी दारातच उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता.

परत फोन केला. आता म्हणे भारतमाताच्या सिग्नलला आहे. म्हणजे हलला तरी.

तर अण्णा, मी मेस्त्रींना विचारलं, हे इथे कसं? ते म्हणाले, "विकलंच गेलं नाही. जवळ जाऊन बघ." मी दार उजेडाकडे वळवलं. पॉलिशखाली पाच बोटं. हळद काळपट झालीय, पण कुंकू तसंच लाल.

"शेठ जाम भडकला होता," मेस्त्री म्हणाले. "दुकानदाराने डाग दाखवून माल परत पाठवला. शेठ म्हणाला, घास पुन्हा. अण्णा म्हणाला, बाकी सगळं घासलंय, हे नाही घासणार. घरधनी जिवंत आहे त्या बाईचा. तिचं कुंकू मी पुसू? शेठने त्याला तीन महिने फळ्या उचलायला लावलं."

ते तीन महिने आठवतात मला. तुमचा खांदा सोलून निघाला होता. आई तेल-हळद लावायची आणि मी पुस्तक तोंडापुढे धरून बसायचे. एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून.

आणि अण्णा, ही बोटं नुसती राहून गेली असं मी मानणार नाही, मेस्त्रींनाही तसं वाटत नाही. तुम्हीच मला दाखवलं होतं, लाखेचा बोळा गोल गोल फिरवायचा. कुंकवावर तसा फिरवला असता तर सगळ्या दारावर लाल फासलं असतं. इथे एक रेघ हललेली नाही. म्हणजे तुम्ही बोळा फिरवलाच नाही, थेंब थेंब टेकवत बसलात. किती वेळ लागला असेल? ते कपाट विकलं जाऊ नये, हे मनात होतं ना तुमच्या? सांगा ना.

मेस्त्रींनी आणखी एक सांगितलं. तुकाकाका स्वतः इथे आले होते. तुमचे हात धरले आणि म्हणाले, ती गावाहून यायच्या आत घेऊन जा, आणि मी आपणहून विकलं हे तिला कळू देऊ नका. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. काकांची लाज राखायला स्वतःची घालवलीत. मला तरी सांगायचं होतंत, अण्णा. निदान मोठी झाल्यावर. मी काय पुन्हा नळावर जाऊन ओरडले असते?

सकाळी काकींच्या घरी फोन लावला. त्या अजून तिथेच आहेत, त्याच खोलीत. सूनबाई म्हणाल्या, "घरात पाय ठेवायला जागा नाही ओ ताई, कपाट कुठे ठेवणार?" मागून काकींचा आवाज आला, "कोण गो?" मग फोन त्यांनी घेतला. मी म्हटलं, "नंदा. तुमचं कपाट सापडलंय."

मग म्हणाल्या, "घेवन ये. बघतंय."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. त्यांना सांगू, की काकांनीच आपणहून विकलं होतं? सांगितलं तर तुम्ही सुटता. पण काका जाऊन दहा वर्षं झाली, त्यांना आता आपली बाजू मांडता येणार नाही. आणि तुम्ही जे आयुष्यभर राखलंत ते मी एका दुपारी मोडायचं? सकाळपासून दहादा ठरवलं आणि दहादा बदललं.

आलाय टेम्पो. हॉर्न वाजवतोय, वर मलाच म्हणतो, चला लवकर.

ठरलं, अण्णा. काकांचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. कपाट जिन्यावरून वर चढवायच्या आधी मी एकटी वर जाईन आणि सुनेसमोर, मजल्यावर जे असतील त्यांच्यासमोर सांगेन, की दलालीचं मी खोटं बोलले होते. मग दार उजेडात धरून काकींचा हात त्या पाच बोटांवर ठेवीन. त्यांच्या कपाळावर आता कुंकू नाही. तुम्ही राखलंत तेवढंच आहे.

तुमची,
नंदा