राबातलं बुलबुलाचं घरटं

प्रिय बा,

उद्या सकाळी मला नागलीच्या रोपांसाठी जमीन भाजायला राब पेटवायचा आहे. तू गेल्यानंतरचा हा पहिलाच. काडी ओढण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून लिहितो. आधी कच्चं लिहिलं, दोनदा तपासलं, मग हे पक्कं केलं. तुला वाचता येत नव्हतं, तरीही.

मागच्या उन्हाळ्यात आठवतं? परसात राबासाठी रचलेल्या ऐनाच्या फांद्यांत बुलबुलाने घरटं केलं होतं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. "बा, तीन अंडी आहेत." तू म्हणालास, "मग राहू दे. पिल्लं उडाली की पेटवू."

शेजारचा महादूकाका कुंपणावरून ओरडला, "काय रं, यंदा पाखरांना विचारून पेरणार का?"

"विचारतो ना!" तू म्हणालास. "तुझा काय निरोप द्यायचा आहे का?"

तू असाच होतास. लिंबाची पानं कुरतडणाऱ्या अळ्या आई झटकायला गेली की दटावायचास, "थांब, पोराला त्यांची फुलपाखरं टिपायची आहेत." नववीत शाळा सोडलेल्या पोराच्या छंदाला गावात तू एकट्यानेच काम मानलंस.

वाट बघता बघता वळवाच्या पावसाने तो ढीग भिजला. तरी तू थांबलास.

आता खरं सांगतो. पिल्लांचा फोटो स्वच्छ येत नव्हता. दोन डहाळ्या आडव्या येत होत्या. मी त्या कातरीने कापल्या. किती जपून कापल्या, बा! घरट्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही. फोटो सुरेख आला. दुपारी त्याच मोकळ्या वाटेने भारद्वाज आत शिरला. मी पाणी घेऊन आलो, तेव्हा तो चोचीत शेवटचं पिल्लू धरून बाहेर पडत होता.

संध्याकाळी तू विचारलंस, "उडाली का?"

मी म्हणालो, "उडाली."

दुसऱ्या दिवशी तू राब पेटवलास. ओल्या फांद्या अर्ध्याच जळल्या. माती नीट भाजली नाही, नागलीच्या रोपांत गवत माजलं. तू आणि आई दिवसभर वाकून ते उपटत होता. आणि खोडाळ्याच्या बाजारात भेटेल त्याला तू सांगायचास, "माझ्या पोरामुळे तीन जीव वाचले!" मी शेजारी पिशवी धरून उभा असायचो.

पण बा, तूही कमाल केलीस. त्या पिल्लांना अजून पिसंही धड फुटली नव्हती. डहाळ्या कापण्याआधीच्या अस्पष्ट फोटोत तू ती पाहिली होतीस. जन्मभर रानात राहिलेल्या माणसाला ते कळलं नसेल? कळलं होतं, तर मला एकदा रागावला का नाहीस? रागावला असतास, तर मी तेव्हाच बोलून मोकळा झालो असतो.

काल आईने महादूकाकाच्या सुनेला तीच गोष्ट सांगितली. तुझं नाव घेताना तिचा चेहरा उजळला. मी मान खाली घातली.

बा, तुला शब्द देतो. उद्या राब पेटवण्याआधी आईला तो फोटो दाखवेन, तीन उघड्या चोचींचा. तो मी अजून कुणालाच दाखवलेला नाही. मग सगळं सांगेन. ती रडेल किंवा बोलेल. मी तिथून उठून जाणार नाही.

तुझाच,
किसन